न पोचलेल्यांची यादी

पोचणं हे क्रियापद फसवं आहे. वस्तीला नळ मंजूर होतो, फायलीत पोचतो, वस्तीत पोचत नाही. विचारायला गेलं की साहेब म्हणतो, वरून सुटलंय, मधे कुठं तरी अडलं असेल. ते 'मधे कुठं तरी' म्हणजे काय, हे आपल्याला पाळण्यापासून पाठ आहे. ते अंतर मैलात नसतं. गाव आणि महारवाडा यांच्यातलं असतं. चालत गेलं तर पन्नास पावलं.

हाच शब्द मला ख्रिस्ती मिशनवाल्यांच्या कागदात भेटला. त्यांच्यात 'अनरीच्ड' असा एक शब्द चालतो. न पोचलेले. म्हणजे ज्यांच्यापर्यंत येशूची शुभवार्ता पोचलेली नाही असे लोकसमूह. १९७४ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी जगभरच्या मिशनवाल्यांची मोठी परिषद भरली. तिथं राल्फ विंटर नावाच्या अमेरिकन माणसानं ठासून मांडलं की देशात चर्च उभं राहिलं म्हणून काम संपत नाही. त्या देशात असे कितीतरी समाज असतात की ज्यांच्या दारात कुणी गेलेलंच नाही. बोलणं खोटं नाही. आपणही सरकारला दुसरं काय सांगतो?

पुढं अमेरिकेत या समाजांच्या याद्या झाल्या. १९९५ साली सुरू झालेल्या जोशुआ प्रोजेक्टची यादी सगळ्यात जास्त चालते. त्यांचा हिशेब असा : ज्या समूहात इव्हँजेलिकल ख्रिस्ती शंभरात २ किंवा कमी आणि सगळे मिळून ख्रिस्ती शंभरात ५ किंवा कमी, तो समूह न पोचलेला. त्याच्या नावापुढं लाल खूण. ठीक. पण भारतात समूह ठरवायचा कशावरून? भाषेवरून नाही, गावावरून नाही, पोटावरून तर नाहीच. जातीवरून. महार वेगळे, मांग वेगळे, चांभार वेगळे, ब्राह्मण वेगळे. प्रत्येक जातीला स्वतंत्र ओळ.

दोस्तांनो, माझा आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला गेला तो याच ओळीतून आपलं नाव खोडायला. भाकरी बांधून घेतली आणि गेला. ते नाव साता समुद्रापलीकडं कुणीतरी संगणकात पुन्हा लिहून ठेवलंय, आणि तेही आमच्या आत्म्याच्या काळजीपोटी.

या हिशेबामागं एक डोकं आहे. डोनाल्ड मॅकगाव्हरन. जन्म आपल्या मध्य प्रदेशातल्या दमोहचा, १८९७ चा. मिशनऱ्याचा मुलगा, स्वतः मिशनरी. १९५५ साली त्याचं 'द ब्रिजेस ऑफ गॉड' हे पुस्तक आलं. त्याच्या विचाराचं सार माझ्या भाषेत सांगतो : माणसाला जातीची, भाषेची, वर्गाची भिंत न ओलांडता ख्रिस्ती होता आलं तर तो पटकन होतो. मग भिंत पाडायच्या खटाटोपात वेळ कशाला घालवा? भिंतीच्या आतच प्रार्थना सुरू करा. आधी संख्या वाढू दे, भिंतीचं पुढं बघू.

पुस्तक आलं १९५५ ला. नागपूर घडलं १९५६ ला. एका वर्षाचं अंतर. एक म्हणतो जात हा पूल आहे, त्यावरून चला. दुसरा म्हणतो जात ही भिंत आहे, ती पाडल्याशिवाय धर्मांतराला अर्थ नाही. कुणी म्हणेल, नागपूरलाही बहुतेक एकाच जातीचे लोक होते, मग फरक काय राहिला? प्रश्न टाळायचा नाही. होते. पण बाबासाहेबांनी तिथं जातीला साधन मानलं नाही. २२ प्रतिज्ञांत सगळी माणसं समान मानण्याची आणि समतेसाठी झटण्याची शपथ घालून घेतली. ती आपण किती पाळली, मांगवाड्यात आपण किती वेळा जेवलो, हे ज्यानं त्यानं आपल्या शाखेत विचारावं. शपथ मात्र होती. मॅकगाव्हरनच्या हिशेबात ती शपथच नाही.

हे सगळं मी आधी पुस्तकात वाचलं नाही. आधी माणूस आला.

गेल्या पावसाळ्यात, रविवारी, कल्याण पूर्वेला आमच्या कोळसेवाडीच्या चाळीत. मिलमध्ये दुसरी पाळी होती म्हणून सकाळी घरी होतो. दारात एक पोरगा, माझ्याच वयाचा, पाठीवर भिजलेली बॅग. मराठी मोडकं, हिंदी त्याहून मोडकं. हातात मराठी पुस्तिका.

"भाऊ, तुम्ही येशूचं नाव ऐकलंय?"

"ऐकलंय. तुम्ही बाबासाहेबांचं ऐकलंय?"

तो हसला. म्हणाला, "हमारे गाव में पुतला है. जाळी में है."

मी त्याला आत घेतलं. तिरुनेलवेलीकडचा होता. पुतळ्याला लोखंडी पिंजरा, कारण उघडा ठेवला की रात्रीतून कुणीतरी तोंड फोडतं. त्याचा पणजोबा ख्रिस्ती झालेला. म्हणजे चार पिढ्या वार्ता पोचलेली. मी विचारलं, मग गावात आता सगळे एक असाल? तो बराच वेळ चहाकडं बघत राहिला. मग म्हणाला, चर्च एक आहे, कब्रस्तान दोन आहेत.

"मग तू इथं कशाला आलास? आधी तिथली भिंत पाडायची."

तो म्हणाला, "लिस्ट में आपका नाम लाल है."

मला राग आला नाही. तो पोरगा खोटं बोलत नव्हता, पैशाची थैली घेऊन फिरत नव्हता. अंबरनाथला एका खोलीत चौघांबरोबर राहत होता आणि त्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता. आपल्यातले काहीजण म्हणतात, असल्यांना वस्तीत पाय ठेवू देऊ नका, दोन ठेवून द्या. मी त्यांना एवढंच विचारतो की प्रार्थनासभा उधळायला जे दांडके घेऊन येतात ते कोण आहेत, त्यांचे झेंडे कुठले आहेत ते बघितलंत का? २०२४ च्या एप्रिलमध्ये गुजरात सरकारनं परिपत्रक काढलं : हिंदूंमधून बौद्ध व्हायचं असेल तरी जिल्हाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागेल. कायदा २००३ चा, तेव्हा तो मिशनऱ्यांविरुद्ध आहे म्हणून आपण गप्प होतो. दीक्षेला कलेक्टरची परवानगी! नागपूरला बाबासाहेबांनी कुणाची घेतली होती?

तो पोरगा गेला, लाल खूण डोक्यात राहिली. आणि मी शोधू लागलो की आपल्या या ठाण्या-कल्याणात ही वार्ता खरंच कधी पोचली. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. डिक्शनरी घेऊन ओळीओळीनं वाचतो, त्यामुळं वेळ लागतो. पण जे सापडलं त्यानं झोप उडाली.

सहाव्या शतकात कॉसमस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी, पुढं साधू झालेला, लिहून गेलाय की कॅलिआना बंदरात ख्रिस्ती आहेत आणि त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो. बरेच अभ्यासक हे कॅलिआना म्हणजे आपलं कल्याण धरतात. म्हणजे आज जिथं लोकलच्या दाराला लोंबकळतो त्या कल्याणात जवळजवळ १५०० वर्षांपूर्वी बिशप होता! आणि त्याच्याही आधी धम्म होता. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं कोरलीत, त्यात कल्याणचे व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहार आहेत. तिकडं सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. बंदराला सगळं पोचतं. माल पोचतो, देव पोचतात.

मग १३२१ चा एप्रिल. ठाणे. चार फ्रान्सिस्कन साधू चीनला निघालेले, जहाजानं त्यांना इथं आणून सोडलं. टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री, जो दुभाषा होता. ठाण्यात नेस्टोरियन पंथाची काही ख्रिस्ती घरं आधीपासून होती, त्यातल्या एका घरी ते उतरले. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं. नवऱ्यानं मारलं, बायको काझीकडं गेली, साक्षीला साधूंची नावं दिली. काझीनं साधूंना बोलावलं, विषय धर्मावर गेला, वाद पेटला आणि चौघे मारले गेले. जॉर्डनस नावाच्या त्यांच्या सोबत्यानं प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली. पुढं ओडोरिक नावाचा साधू आला, त्यानं हाडं उकरून चीनपर्यंत नेली. आज ही गोष्ट ज्याला ज्या दंगलीसाठी हवी तशी वापरता येईल, मला वापरायची नाही. माझं लक्ष दुसरीकडंच अडकलं. हाडांचा प्रवास बंदर-बंदर लिहिला गेला. नवऱ्याचा मार खाऊन दाद मागायला गेलेली ती ठाण्याची बाई मात्र पहिल्याच पानावर गोष्टीतून निघून जाते.

त्यानंतर पोर्तुगीज आले, १५३४ ला वसई घेतली, ठाण्यात चर्च बांधली, १७३९ ला मराठ्यांनी वसई घेतली. वसईच्या ख्रिस्ती समाजात सामवेदी, वाडवळ या ओळखी आजही टिकून आहेत. एवढं पुरे.

आता हिशेब करा. सहाव्या शतकात बिशप. चौदाव्यात रक्त सांडलं. सोळाव्यात चर्च. आणि आपल्या वाड्यापर्यंत ती वार्ता कधी आली? एकोणिसाव्या शतकात. बंदरावरून वाड्यात यायला १३०० वर्षं. पन्नास पावलं, १३०० वर्षं. मिशनवाल्यांच्या कुठल्याही यादीत हा रकाना नाही.

आणि जेव्हा आली तेव्हा शाळा घेऊन आली. हे आपण बोलायला कचरतो, म्हणून मी मोठ्यानं बोलतो. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ ला मुंबईत उतरले. १८३१ ला मिशन अहमदनगरला गेलं, त्याच नगरला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात. तिथं सिंथिया फॅरार नावाच्या बाईनं मुलींच्या शाळा चालवल्या. जोतिराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं प्रशिक्षण फॅरारबाईंच्या संस्थेत झालं, असं चरित्रकार सांगतात. जोतिबांनी शाळा घेतली, बाप्तिस्मा घेतला नाही. उपकार मानले, मान वाकवली नाही.

आणि हे चक्रमुद्रित पान वाचणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात ठेवावं : आपल्या लिहिण्याची पणजी मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतली मांगाची पोर. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली दोन अंकांत छापून आला. आपला धर्म तरी कोणता, असं तिनं थेट देवाला विचारलं. छापला कुणी? केसरी तेव्हा जन्माला यायचा होता. छापला 'ज्ञानोदय'नं, मिशनच्या पत्रानं, जे १८४२ ला नगरला निघालं. आपला पहिला शब्द त्यांच्या छापखान्यातून बाहेर पडला.

पण मराठी साहित्याच्या पुस्तकात ख्रिस्ती म्हणून नावं कुणाची? बाबा पदमनजी, रेव्हरंड टिळक, पंडिता रमाबाई. मोठी माणसं, वाद नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तर मी दोनदा वाचलं. पण नगर जिल्ह्यात ज्यांनी चर्च भरली ते बहुतेक महार आणि मांग होते. ते कुठल्या पानावर आहेत? ब्राह्मण बाटला की चरित्र होतं, महार बाटला की आकडा होतो. बाबासाहेबांनी हे नेमकं पकडलं होतं. त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर सबंध प्रकरण आहे. मिशनच्या शाळा-दवाखान्यांची किंमत ते मान्य करतात आणि लगेच विचारतात, त्याचा फायदा शेवटी उचलला कुणी? १९३५ ला येवल्याची घोषणा झाल्यावर सगळ्या धर्मांचे लोक त्यांच्या दारात आले. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला त्यांनी ख्रिस्ती लोकांसमोरच सांगितलं की तुमच्या चर्चमध्ये जात शिल्लक आहे आणि आपल्याच गरीब भावांसाठी तुम्ही राजकारणात लढत नाही. येशूबद्दल आदर ठेवून सांगितलं.

इथपर्यंत आपलं सगळं बरोबर आहे. आता अवघड भाग.

माझी एक चुलत आत्या आहे. आमचं मूळ गाव नेवासे तालुक्यात. तिच्या आजोबानं मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला, त्याच्या सख्ख्या भावानं, म्हणजे माझ्या पणजोबानं, नाही घेतला. पुढं माझ्या आजोबानं दीक्षा घेतली. एका महारवाड्यात एका ओळीत चर्च आणि विहार. गावाला तिन्ही सारखेच. पाटलाच्या विहिरीला बौद्ध महार, ख्रिस्ती महार असा भेद माहीत नव्हता, दोघांनाही लांबच उभं केलं. आत्या आता विठ्ठलवाडीला राहते, घरकाम करते. तिच्या मुलीला नर्सिंगला जायचंय. एका कचेरीत दाखल्यासाठी गेली तर बाबूनं सांगितलं, तुम्ही ख्रिश्चन ना, मग जात कुठली?

बाबू कायद्यानं बोलत होता, तेच वाईट आहे. १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश, कलम ३ : हिंदू सोडून दुसरा धर्म पाळणारा अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ ला शीख आत घेतले. १९९० ला बौद्ध आत घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर. महाराष्ट्रात अशांना ओबीसीत टाकलंय. म्हणजे आत्याला गावात जातीवरून शिवी बसली तर अॅट्रॉसिटीचा कायदा तिच्या कामाचा नाही. शिवी देणाऱ्याला तिची जात दिसते, कोर्टाला दिसत नाही. २००७ ला रंगनाथ मिश्र आयोगानं अनुसूचित जातीचा धर्माशी संबंध तोडा असं सांगितलं. ते बाजूला पडलं. २०२२ च्या ऑक्टोबरात न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला.

म्हणून कितीतरी घरं दोन नावांनी जगतात. कागदावर हिंदू महार, रविवारी दुसरं नाव. याला कुणी लबाडी म्हणो. मी याला १९५० चा आदेश म्हणतो.

हा विषय मी आमच्या शाखेत काढला तर विहारात दोन तास खडाजंगी. एक म्हणाला, त्यांनी बाबासाहेबांचा रस्ता नाकारला, मग बाबासाहेबांच्या सवलती कशाला? मी विचारलं, तिच्या आजोबानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा नागपूर घडायचं होतं, त्यानं कुठला रस्ता नाकारला? दुसरा म्हणाला, राज्यात आपल्याला १३ टक्के, त्यात आणखी वाटेकरी आले तर आपली पोरं कुठं जातील? ही भीती खरी आहे. तिला हसून चालणार नाही. माझं म्हणणं, माणसं वाढली तर टक्का वाढवून मागा, ताटातली भाकरी मोजत एकमेकांच्या नरड्याला लागू नका. एक वयस्कर काका होते. १९९० च्या आधी बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाव्यात म्हणून मोर्च्यात लाठी खाल्लेले. ते इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "तेव्हा आपल्याला दिल्लीवाले म्हणायचे, धर्म सोडला ना, मग जात गेली, आता कशाला मागता? आज तेच वाक्य मी या विहारात ऐकतोय." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण मला अजून पटलेलं नाही. पोरांनो, टक्क्याचं आधी लिहून आणा."

मी आत्याला हे सांगितलं. ती म्हणाली, "बाळा, तुमच्या विहारात मला कुणी बोलावलं का कधी? आमच्या चर्चमध्ये तुला कुणी बोलावलं का? तुझ्या लग्नाचं तेवढं सांग, दोन्हीकडचे येतील." मग तिनं तिच्या पाळकांना फोन लावून दिला. ते जालन्याकडचे, बोलणं साधं. म्हणाले, चर्चमध्ये जातीबद्दल बोललं की वरचे लोक म्हणतात, येशूत आपण सगळे एक आहोत, हा विषय काढू नका. आणि सरकारकडं बोललं की सरकार म्हणतं, तुमच्यात जात नाहीच. दोन्हीकडून एकच उत्तर.

त्या तिरुनेलवेलीच्या पोराचा नंबर माझ्याकडं आहे. त्यालाही कळवलंय. येतो म्हणाला.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी १० वाजता कोळसेवाडीच्या विहारात बैठक ठेवली आहे. आत्याच्या चर्चचे पाच-सहा जण येतील. कलम ३ रद्द करा आणि त्याबरोबर टक्का वाढवा, या दोन मागण्यांचं निवेदन तयार करायचं आहे. विरोध असलेल्यांनी जरूर यावं, पण मुद्दे कागदावर लिहून आणावेत. पाळीवाल्यांची सोय बघून वेळ सकाळची ठेवली आहे. चहा आत्याकडून.